एका व्याख्यानाचें शीर्षक

गेल्या माघांत आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थिनींसाठीं एक व्याख्यान ठेवण्यांत आलें होतें. मुंबईस शिकलेल्या व आमच्या गांवीं बरींच वर्षें व्यवसाय करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई बोलणार होत्या. सूचनाफलकावर लावावयाचा कागद, नोकरींत वडील म्हणून, सहीसाठीं आमच्याकडे आला. तो आमच्या विभागांतील एका तरुण प्राध्यापिकाबाईंनीं लिहिला होता आणि विषय स्पष्ट शब्दांत दिला होता : 'स्तनांचें स्वपरीक्षण'. आम्हीं कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हां वाचला, आणि तीस वर्षांच्या संवयीनें हातीं असलेल्या तांबड्या लेखणीनें ते दोन्ही शब्द खोडून त्यांच्या जागीं 'स्त्रियांचें आरोग्य : कांहीं विचार' असें लिहिलें. बाईंनीं कागद परत घेतला. त्या कांहीं बोलल्या नाहींत; पण ज्या तऱ्हेनें बोलल्या नाहींत, ती तऱ्हा आम्हांस दिवसभर आठवत राहिली.

वस्तुतः ज्यानें आपलें उभें आयुष्य काव्य शिकविण्यांत घालविलें, त्यानें ह्या शब्दास भ्यावें हें नवलच म्हणावयाचें. डनच्या प्रणयकविता आम्हीं पदवीच्या वर्गास कांहीं न गाळतां समजावून दिल्या आहेत. संस्कृताची गोडी आम्हांस ज्या शास्त्रीबोवांनीं लाविली, ते मात्र कालिदासाच्या कांहीं श्लोकांपाशीं येतांच "हा सोपा आहे, घरीं वाचा" असें म्हणून पुढें सरकत. आणि तेवढेच श्लोक आम्ही घरीं खरोखर वाचीत असूं. पुढें आम्हीं प्राध्यापक झाल्यावर त्यांच्या भिडस्तपणास पुष्कळ हंसलों. परंतु काव्यांतले स्तन हे कोणाचेच नसतात. ते उपमेचे असतात, कवीचे असतात, फार तर टीकाकाराचे असतात. सूचनाफलकावर तोच शब्द आला कीं तो तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या, केसांना तेल लावून येणाऱ्या आणि आपल्याला 'सर' म्हणणाऱ्या मुलीचा होतो. आणि तेथें आमचें सारें काव्यशास्त्र शास्त्रीबोवांच्या पंक्तीस जाऊन बसतें.

व्याख्यानास दीडशेंवर मुली जमल्या होत्या. आम्हीं पांच मिनिटें प्रास्ताविक केलें, आणि त्यानंतर पुरुषमंडळींनीं बाहेर जावें अशी जी योजना होती ती आम्हांस मनापासून पसंत पडली. प्राध्यापकांच्या खोलींत येऊन बसलों. सभागृहांतून प्रथम मोठा हंशा ऐकूं आला, मग दुसरा, आणि नंतर बराच वेळ इतकी शांतता कीं व्याख्यान संपलें असें वाटून आम्ही उठूंही लागलों होतों. चहाच्या वेळीं डॉक्टरीणबाईंना आम्हीं त्या हंशाबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "हंसूं द्या हो. हंसतात त्या मुली घरीं जाऊन करून पाहतात. हंसत नाहींत त्यांचीच मला काळजी वाटते."

त्यांनीं मुलींना काय सांगितलें तें आम्हीं विचारून घेतलें. वाचकांच्या घरांतही लेकी-सुना आहेत, म्हणून तें येथें देतों. पाळी संपल्यानंतर कांहीं दिवसांनीं पाहावें, कारण पाळीपूर्वीं स्तन सहजच जड व गांठाळ लागतात. प्रथम आरशासमोर उभें राहून आकार व त्वचा न्याहाळावी. कातडीस खळी पडली आहे काय, ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली आहे काय, बोंड आंत ओढलें गेलें आहे काय, त्यांतून रक्त येतें काय. मग मधल्या तीन बोटांच्या पेरांनीं, चिमटींत न धरतां, गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत सर्व भाग चाचपावा. साबण लावलेल्या हातानें, स्नानाच्या वेळीं, हें सोपें जातें. विशींतल्या मुलीला लागणारी गांठ बहुधा निरुपद्रवी असते. बोटाखालून ती अशी निसटते कीं इंग्रज डॉक्टर तिला 'स्तनांतला उंदीर' म्हणत. ह्या वयांत कर्करोग विरळा, पण अशक्य नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ती वाईट गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं. हें शेवटचें वाक्य आम्हांस फार लागलें, त्याचें कारण पुढें येईल. आपल्या घरांत दुखणें हाच डॉक्टरांकडे जाण्याचा परवाना असतो. जें दुखत नाहीं त्यासाठीं रिक्षाचे पैसे कोणी खर्च करीत नाहीं, आणि तें घरांतल्या बाईचें असेल तर मुळींच नाहीं. जातां जातां डॉक्टरीणबाईंनीं असेंही सांगितलें कीं, ह्या रोगाच्या सुमारें शंभर रोग्यांत एखादा पुरुष असतो. आम्हीं चहाचा पेला खालीं ठेविला.

मुलींना नांव न घालतां चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहावयास सांगितलें होतें. वेळ अपुरा पडल्यामुळें बऱ्याच चिठ्ठ्या वाचावयाच्या राहून गेल्या होत्या. त्या आमच्या सहकारी बाईंनीं टेबलावर ओतल्या आणि, आम्हांस वाटतें थोड्या मुद्दामच, "सर, तुम्हीही पाहा" असें म्हटलें. आम्हीं पाहिल्या.

कांहीं अपेक्षित अशाच होत्या. काळ्या रंगाची ब्रेसिअर घातल्यानें हा रोग होतो हें खरें काय? (खरें नाहीं.) आईला नाहीं, आजीला नाहीं, मग मला कशास होईल? (बहुतेक रोग्यांच्या घरांत तो पूर्वीं कोणासही झालेला नसतो.) एकीनें लिहिलें होतें : "आमच्या न्हाणीघराला कडी नाहीं. बाहेर दोन भाऊ बादली घेऊन उभे असतात. हें सर्व मीं कधीं करावयाचें?" आम्हांस ह्या प्रश्नास उत्तर सुचलें नाहीं. आरोग्यावरील पुस्तकांतून निवांत खोली, मोठा आरसा आणि बंद दार हीं गृहीत धरलेलीं असतात. आमच्या निम्म्या मुलींच्या घरीं त्या तिन्हींपैकीं एकही नसतें. दुसरीचा प्रश्न : "स्वतःला असा हात लावणें वाईट तर नव्हे ना?" तिसरीनें प्रश्न विचारलाच नव्हता, नुसतें लिहिलें होतें : "पाहिलें नाहीं तर ती नसेलच असें मला वाटतें. हें चूक आहे हें मला कळतें."

ह्या चिठ्ठ्या वाचीपर्यंत आमची समजूत अशी होती कीं मुलींचा हा संकोच अज्ञानांतून येतो, आणि व्याख्यानें वाढविलीं कीं तो जाईल. शिक्षकाला प्रत्येक रोगावर व्याख्यान हेंच औषध दिसावें हें साहजिक आहे. पण टेबलावर पडलेल्या त्या कागदांत अज्ञान फार थोडें होतें. कर्करोग म्हणजे काय, गांठ म्हणजे काय हें त्या सर्वजणी जाणत होत्या. हल्लीं हातांतल्या यंत्रांत सर्व कांहीं वाचावयास मिळतें. त्या जें विचारीत होत्या तें निराळेंच होतें. आपलें शरीर लुगड्या-पोलक्यासाठीं आहे, पाहावयास येणाऱ्या मंडळींसाठीं आहे, उद्यां मुलासाठीं आहे हें त्यांना लहानपणापासून सांगण्यांत आलें आहे. तें आपल्याला माहीत असावें म्हणूनही आहे काय, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. आणि माहीत झालेलें बोलून दाखविण्याची मुभा आहे काय, हें तर नाहींच.

एक चिठ्ठी आम्हीं बाजूस काढून ठेविली. तीवर असें होतें : "मला एक गांठ लागते. माझें लग्न ठरलें आहे. तीन महिन्यांनीं, लग्न झाल्यावर दाखविली तर चालेल काय? आईला सांगितलेलें नाहीं."

हें अक्षर आम्हीं ओळखलें. आम्ही वर्गास दर आठवड्यास इंग्रजी उताऱ्याचें मराठी भाषांतर करावयास देतों, आणि 'ण'ची उभी रेघ शेंपटीसारखी खालीं वळविणारी मुलगी आमच्या त्या वर्गांत एकच आहे. आम्हीं चिठ्ठी घडी करून खिशांत घातली आणि सहकारी बाईंना कांहीं बोललों नाहीं. नांव लिहूं नये असें मुलींना वचन दिलेलें होतें. तें वचन मोडण्याचा आम्हांस काय अधिकार, असा युक्तिवाद आम्हीं घरीं जातांना वाटभर केला. युक्तिवाद निर्दोष होता. घरीं पोंचेपर्यंत त्यावरचा आमचा विश्वास मात्र उडाला होता, कारण वाटेंत आम्हांस दशांगलेपाची आठवण झाली.

आमचें बालपण मिरजेस गेलें. मिरज म्हणजे इस्पितळांचें गांव; दूरदूरच्या कानडी मुलखांतून आगगाड्या भरभरून रोगी तेथें येत आणि अजूनही येतात. आमच्या वाड्यांत आमची विधवा आत्या राहत असे. १९८४ सालच्या गणपतींत, आम्ही पंधरा वर्षांचे असतांना, तिनें आम्हांस प्रथम बाजारांत पाठविलें. "बाळ, काष्ठौषधींच्या दुकानांतून दशांगलेपाची पुडी आण. गुडघे धरले आहेत माझे. आणि आईला कशाला सांगतोस, ती उगाच काळजी करते." आम्हीं पुडी आणली. त्यानंतर दर पंधरवड्यास एक याप्रमाणें आणीत गेलों. आत्या उरलेल्या पैशांतून आम्हांस गोळ्या घेऊं देई. आता हें सांगितलें पाहिजे कीं आत्येचे गुडघे उत्तम होते. वाड्याचा उंच पायऱ्यांचा जिना ती दिवसांतून वीस वेळां चढे, आणि जेवणें आटोपल्यावर पाट उचलावयास चटकन उठे. पंधरा वर्षांच्या मुलास हें दिसत नसतें असें नाहीं. आम्हांस दिसत होतें. लेप गुडघ्यासाठीं नाहीं हें आम्हांस दिवाळीच्या सुमारासच कळलें होतें. कशासाठीं आहे हें कळलें नव्हतें, आणि विचारूं नये एवढें मात्र, कोणीं न शिकवितां, पक्कें ठाऊक होतें.

पुढच्या श्रावणांत आत्येच्या पातळावर डाग दिसला आणि मग सर्व उघड झालें. वडील तिला इस्पितळांत घेऊन गेले. आम्ही चहाची बाटली घेऊन मागून गेलों. डॉक्टरांनीं विचारलें, "किती दिवस झाले?" आत्या म्हणाली, "दोन महिने झाले असतील." आम्ही दाराशीं उभे होतों. आम्हांस पुड्या मोजून माहीत होत्या. त्या बावीस झाल्या होत्या. आम्ही बोललों नाहीं. बोलून त्या दिवशीं कांहीं साधलें असतें असें नाहीं. डॉक्टरांना गांठ पाहूनच तें समजलें असणार. पण हा हिशेब आमच्या मनांतून पुढें कधींच गेला नाहीं. १९८६ च्या फेब्रुवारींत आत्या वारली. ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

तिला स्वपरीक्षण कोणींही शिकविलें नव्हतें. तरी गांठ तिला सांपडलीच; स्नान करतांना हाताला लागलीच. हातानें आपलें काम केलें होतें. त्यानंतरचे अकरा महिने जे गेले ते हाताच्या दोषानें गेले नाहींत.

हें आमचें केवळ कौटुंबिक निरीक्षण आहे असें आम्ही समजत होतों. परंतु डॉक्टरीणबाईंनीं चहाच्या वेळीं एका मोठ्या प्रयोगाचा उल्लेख केला होता, तो आम्हीं मागाहून मिळवून वाचला. शांघाय शहरांतील कापडगिरण्यांत काम करणाऱ्या २,६६,००० हून अधिक स्त्रियांचे १९८९ ते १९९१ ह्या काळांत दोन गट करण्यांत आले. एका गटास स्वपरीक्षण काळजीपूर्वक शिकविलें, नकली स्तनांवर गांठी ओळखण्याचा सराव दिला, पुन्हां पुन्हां उजळणी घेतली. दुसऱ्यास यांपैकीं कांहीं नाहीं. निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. पहिल्या गटांत ह्या रोगानें १३५ स्त्रिया मरण पावल्या, दुसऱ्यांत १३१. शिकविलेल्या गटांत निरुपद्रवी गांठी मात्र जवळजवळ दुप्पट निघाल्या, म्हणजे तितका घोर व तितकी कापाकापी अधिक झाली. तेव्हांपासून अनेक देशांतील डॉक्टर महिन्याच्या ठराविक दिवशीं करावयाच्या ह्या व्रताचा पूर्वीइतका आग्रह धरीत नाहींत. आपलें नेहमींचें कसें आहे तें ओळखून असावें आणि फरक जाणवतांच सांगावें, एवढेंच म्हणतात.

आंकडे वाचून आम्ही प्रथम गोंधळलों. मग ध्यानांत आलें कीं, न शिकविलेल्या गटांतील स्त्रियांनाही आपल्या गांठी सांपडल्याच होत्या, आणि त्यांतल्या रोगाच्या गांठी शिकविलेल्यांच्या गांठींइतक्याच लहान असतांना त्या डॉक्टरांपुढें आल्या होत्या. त्या गिरण्यांना स्वतःचे दवाखाने होते. पाळी संपवून बाई तेथें जाऊं शकत होती. आमच्या आत्येला जाण्यासारखें ठिकाण हाकेच्या अंतरावर होतें, पण तेथपर्यंत जाण्यासाठीं एक वाक्य उच्चारावें लागत होतें. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानें १९९८ पासून जो प्रयोग केला तोही ह्याच दिशेचा दिसतो. तेथें पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारें दीड लाख स्त्रियांपैकीं निम्म्यांच्या घरापर्यंत थोडें शिक्षण घेतलेल्या, साध्या आरोग्यसेविका पोंचल्या आणि दर दोन वर्षांनीं त्यांनीं स्वतःच्या हातांनीं तपासणी केली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें पन्नाशीपुढील स्त्रियांत ह्या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ शेंकडा तीस कमी झाले. पन्नाशीच्या आंत तसा लाभ दिसला नाहीं. मग विशींतल्या मुलींना हें आतांच कशाला, असें कोणी विचारील. आमच्यापुरतें उत्तर असें कीं चाळिशींत जें वाक्य बोलावें लागतें त्याचा सराव विशींत झालेला बरा. मातृभाषेचेंही असेंच असतें.

आणि बोलणें खरोखरच सोपें नाहीं. फॅनी बर्नी ही इंग्रजी कादंबरीकर्त्री आमच्या अभ्यासक्रमांत होती. तिची १७७८ ची 'एव्हेलिना' आम्हीं कित्येक वर्षें शिकविली. तिचा स्तन पॅरिस येथें १८११ च्या सप्टेंबरांत, भूल देण्याची विद्या निघण्यापूर्वीं, ती शुद्धीवर असतांना कापण्यांत आला. ती त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें जगली. जिची लेखणी दरबारापासून नाटकगृहापर्यंत कोठेंही अडखळली नाहीं, त्या बाईस आपल्या बहिणीला ह्या प्रसंगाचें पत्र पुरें करावयास महिनेच्या महिने लागले. तें पत्र आम्हीं वाचलें पन्नाशींत. अभ्यासक्रमांत तें नव्हतें. आणि असतें तर आम्ही कदाचित् "हें सोपें आहे, घरीं वाचा" असें म्हणालों असतों.

त्या रात्रीं आम्हीं चिठ्ठी पत्नीस दाखविली, आणि तिच्याबरोबर, विवाहास सव्वीस वर्षें होऊन गेल्यावर प्रथमच, बावीस पुड्यांची हकीकतही सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, मग उद्यां त्या बाईंना नांव सांगा. तुम्ही स्वतः मात्र त्या मुलीशीं बोलूं नका. तुम्ही 'कांहीं विचार' सांगत बसाल." सूचनेच्या कागदाची गोष्ट आम्हीं तिला दुपारींच, मोठ्या चातुर्याची म्हणून, सांगितली होती.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सहकारी बाईंना नांव सांगितलें. वचनभंग झाला हें आम्ही मान्य करतों. बाईंनीं त्या मुलीस गांठलें, तिच्या आईस बोलावून आणलें, आणि तिघी मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. आईचें पहिलें वाक्य "मला कां नाहीं सांगितलेंस?" हें होतें, आणि दुसरें, "तिकडच्या मंडळींना कळलें तर नाहीं ना?" आम्ही त्या माउलीस नांवें ठेवणार नाहीं; दोन्ही वाक्यें एकाच काळजींतून निघालीं होतीं. सोनोग्राफी झाली, सुईनें नमुना काढला, दहा दिवस वाट पाहण्यांत गेले. गांठ निसटणारी, निरुपद्रवी निघाली. लग्न ठरल्याप्रमाणें वैशाखांत झालें.

अक्षर कोणीं ओळखलें हें त्या मुलीच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नाहीं. वर्गांत ती पूर्वीच्याच बाकावर बसे आणि पूर्वीइतकेंच लक्ष देई. पण वर्ष संपेपर्यंत तिनें आपलीं सर्व भाषांतरें टंकलिखित आणून दिलीं. आम्हीं एकदांही कारण विचारलें नाहीं. हा लेख लिहिण्यापूर्वीं सहकारी बाईंकरवीं तिची संमति घेतली. तिनें दोन ठिकाणीं फेरफार सुचविले, ते केले आहेत. टंकलेखनाचा उल्लेख राहूं द्यावा असा तिचाच निरोप आला.

आषाढांत नव्या वर्गांतील मुलींसाठीं डॉक्टरीणबाई पुन्हां येत आहेत. सूचनेचा कागद परवां सहीसाठीं आमच्यापुढें आला. विषय तोच, शब्द तेच, आणि बाई ह्या वेळीं कागद ठेवून निघून न जातां टेबलापाशीं उभ्या होत्या. आम्हीं तांबडी लेखणी उचलली. घाईंत त्यांच्या हातून 'परिक्षण' असें पडलें होतें; आम्हीं 'री' दीर्घ केली आणि खालीं सही केली.